सॅचेल पेज : नोंदीबाहेरील कारकीर्द

खेळाडूच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिणे वरकरणी सोपे भासते. बेसबॉल हा तर आकड्यांचा खेळ. त्यातील प्रत्येक फेकीचा हिशेब कोठे ना कोठे मांडलेला असतो. फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस या खेळात 'पिचर' म्हणतात आणि सामन्याचा जय वा पराजय त्याच्याच नावावर लिहिला जातो. तथापि नोंद कोण ठेवतो आणि कोणाची ठेवतो, हा प्रश्न उपस्थित होताच या आकड्यांचे स्वरूप पालटते. लेरॉय रॉबर्ट ऊर्फ सॅचेल पेज याची कारकीर्द हे त्याचे बोलके उदाहरण होय. अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल संघटनेच्या, म्हणजे मेजर लीगच्या, दप्तरी २०२० पर्यंत त्याच्या नावे २८ विजय व ३१ पराजय एवढेच होते आणि ते सर्व त्याने वयाची ४२ वर्षे पूर्ण केल्यानंतरचे होते. त्यापूर्वीची दोन तपे दप्तराच्या दृष्टीने घडलीच नव्हती.

या पोकळीचे कारण वर्णभेद हे होय. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून मेजर लीगमध्ये खेळला होता. पुढे मात्र संघमालकांनी आपसांतील संगनमताने कृष्णवर्णीयांना दार बंद केले. हा निर्बंध लेखी नियमाच्या रूपात नव्हता; म्हणूनच त्याचे अस्तित्व नाकारणे मालकांना सोयीचे गेले. बहिष्कृतांनी आपली स्वतंत्र व्यवस्था उभारली. १९२० मध्ये रूब फॉस्टर याच्या पुढाकाराने कॅन्सस सिटी येथे 'नीग्रो नॅशनल लीग' स्थापन झाली. 'नीग्रो' हा शब्द त्या काळातील संस्थांच्या नावांचा भाग असल्याने येथे केवळ त्या नावांपुरताच राखला आहे.

पेजचा जन्म ७ जुलै १९०६ रोजी अलाबामा राज्यातील मोबील या बंदराच्या गावी झाला. जन्मनोंद उपलब्ध असूनही त्याचे वय दीर्घकाळ वादाचा विषय राहिले. ज्या बायबलात जन्मतारीख लिहिली होती ते बोकडाने खाल्ले, अशी कथा तो स्वतःच रंगवून सांगे. या कथेकडे केवळ विनोद म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. प्रेक्षक जमविण्यावर ज्याचा चरितार्थ अवलंबून होता, त्या व्यावसायिकाने आपल्या वयाचे गूढ हे भांडवल म्हणून वापरले. आत्मकथन व दस्तऐवज यांत विरोध आढळल्यास दस्तऐवज ग्राह्य मानावा हे खरे. परंतु आत्मकथन तसे का झाले, याचे उत्तर दस्तऐवजात सापडत नाही.

शाळा चुकविणे व किरकोळ चोरी या कारणांवरून १९१८ मध्ये त्याची रवानगी माउंट मेग्ज येथील सुधारगृहात झाली. तेथील पाच वर्षांत तो चेंडूफेकीची कला शिकला. १९२६ मध्ये चॅटनूगाच्या संघातून त्याने व्यावसायिक खेळास आरंभ केला. पुढे बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स, पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघांतून तो खेळला. करार मोडून संघ बदलणारा बेभरवशाचा माणूस, असा ठपका त्याच्यावर वारंवार ठेवला जाई. या आरोपाचा विचार त्या व्यवसायाच्या अर्थकारणाच्या संदर्भात करावयास हवा. कृष्णवर्णीयांच्या लीगचे उत्पन्न अपुरे व वेळापत्रक अनियमित असे. गावोगाव फिरून केलेल्या प्रदर्शनीय सामन्यांवर संघ तग धरून असत. अशा स्थितीत जो अधिक देईल त्याच्याकडे जाणे, एवढेच सौदाशक्तीचे साधन खेळाडूच्या हाती होते. १९३३ मध्ये व पुन्हा १९३५ मध्ये पेज नॉर्थ डकोटातील बिस्मार्क येथे गोऱ्या व कृष्णवर्णीयांच्या मिश्र संघातून खेळला. १९३७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियो याच्या नावाच्या राजधानीतील संघाकडे तो गेला आणि जॉश गिब्सनसारखे नामांकित खेळाडूही त्या संघात दाखल झाले.

१९३८ मध्ये मेक्सिकोत त्याचा उजवा हात दुखावला आणि कारकीर्द संपल्याची भाषा सुरू झाली. मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी त्यास आपल्या दुय्यम फिरत्या संघात ठेवून घेतले. पेजचे नाव फलकावर असले तरी गर्दी जमते, हा व्यावहारिक हिशेब त्यामागे होता. कालांतराने हात बरा झाला. पूर्वी निव्वळ वेगावर विसंबणारा पेज आता वेग, वळण व फेकीचा ताल बदलून फलंदाजास चकवू लागला. १९४२ च्या कृष्णवर्णीयांच्या विश्वमालिकेत मोनार्क्सने होमस्टेड ग्रेज संघावर मिळविलेल्या विजयात त्याचा मोठा वाटा होता.

मेजर लीगचा हंगाम आटोपल्यावर गोरे खेळाडू कृष्णवर्णीयांच्या संघांविरुद्ध खाजगी सामने खेळत. १९३४ च्या हंगामात ३० विजय मिळविणारा डिझी डीन आणि १९४६ मध्ये बॉब फेलर यांच्या संघांशी पेजचे असे सामने झाले. डीनने पेजची मुक्तकंठाने प्रशंसा केली. दोन्ही वर्गांच्या खेळाची तुलना मैदानावर प्रत्यक्ष होत होती आणि प्रेक्षक पैसे मोजून ती पाहत होते. मज्जाव होता तो केवळ अधिकृत मान्यतेस. 'गुणवत्ता अज्ञात होती' हा बचाव त्यामुळे टिकत नाही.

१९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकी यांनी हा निर्बंध मोडण्यासाठी पेजची नव्हे, तर २६ वर्षांच्या जॅकी रॉबिन्सनची निवड केली. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात उतरला. पेजला बोलावणे आले ते १९४८ मध्ये, क्लीव्हलंडचे मालक बिल व्हेक यांच्याकडून, नेमके ४२ व्या वाढदिवशी. 'द स्पोर्टिंग न्यूज' या साप्ताहिकाचे संपादक स्पिंक यांनी, पेज गोरा असता तर त्याचा विचारही झाला नसता, अशी टीका केली. तो गोरा असता तर पंचवीस वर्षांपूर्वीच तेथे पोहोचला असता, असे व्हेक यांचे त्यावर उत्तर होते. पेजने त्या हंगामात ६ सामने जिंकले, १ गमावला. २० ऑगस्ट रोजी क्लीव्हलंड येथे त्याचा खेळ पाहण्यास ७८,३८२ प्रेक्षक लोटले. त्याच वर्षी क्लीव्हलंडने विश्वमालिका जिंकली आणि त्या मालिकेत चेंडू फेकणारा तो पहिला कृष्णवर्णीय पिचर ठरला.

या प्रवेशाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. गुणी खेळाडू व त्यांचा प्रेक्षक मेजर लीगकडे वळताच कृष्णवर्णीयांच्या संस्था खचल्या. १९४८ च्या हंगामानंतर नीग्रो नॅशनल लीग विसर्जित झाली. समावेश व्यक्तींचा झाला, संस्थांचा नव्हे.

पेज पुढे १९५३ पर्यंत मेजर लीगमध्ये खेळला आणि २५ सप्टेंबर १९६५ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, कॅन्सस सिटीतर्फे बॉस्टनविरुद्ध तीन डावांत त्याने एकही धाव दिली नाही. १९७१ मध्ये कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या सन्मानमंदिरात त्याची निवड झाली. परंतु कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी प्रथम वेगळा विभाग योजला होता. त्यावर टीकेचे मोहोळ उठल्यानंतर त्यास इतरांच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले. ८ जून १९८२ रोजी तो निवर्तला.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील कृष्णवर्णीयांच्या सात लीगना समान दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे उपलब्ध आकडे अधिकृत दप्तरात दाखल केले. 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कूरियर' यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतील त्रोटक धावफलक संशोधकांनी वर्षानुवर्षे जुळविले, म्हणून हे शक्य झाले. पेजच्या विजयांची संख्या २८ वरून शंभराच्या पुढे गेली.

ही दुरुस्ती न्याय्य असली तरी पूर्ण नाही. तिने केवळ लीगचे सामने मोजले. पेज स्वतः सुमारे २,५०० सामने खेळल्याचे सांगे. हा आकडा जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही. पण त्याचा बहुतांश खेळ लीगबाहेर, धुळीच्या मैदानांवर झाला, यात संशय नाही. बहिष्कारानेच त्याला त्या मैदानांवर ढकलले होते आणि तेथील खेळ आज 'अनधिकृत' म्हणून पुन्हा वगळला जातो. ज्या संस्थेने दार बंद केले तिचेच माप आजही प्रमाण मानले जाते. दप्तरातील शंभरावर विजय आणि पेजच्या तोंडचे अडीच हजार सामने यांमधील अंतर ही या कारकिर्दीच्या अभ्यासातील उणीव नव्हे. वर्णभेदाने केलेल्या हानीचे ते सर्वांत विश्वसनीय मोजमाप होय.