हुरड्याची आगटी

दुष्काळांत मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं बहामनी सुलतानाचें कोठार भुकेल्यांस खुलें केलें, ही पंधराव्या शतकाची कथा सोलापूर प्रांतीं सर्वश्रुत आहे. परंतु दाणा कोठारांत जाण्यापूर्वींच वांटण्याची येथील रीत आम्हांस तितकीच स्मरणीय वाटते. पौषांत शेतांत आगटी पेटवावी, ज्वारीचीं कोंवळीं कणसें भाजून तळहातावर चोळावीं आणि तो हुरडा शेंगाचटणीबरोबर वाटसरूसही द्यावा. कोंवळा दाणा साठवितां येत नाहीं. तो वांटलाच पाहिजे. २०१६ सालीं मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळालें. आतां हुरडाही पैसे घेऊन खाऊं घालतात. शेतकऱ्यास चार पैसे मिळावे, हें योग्यच. मात्र आगटीपाशीं बिनबोलाविलेल्यास जागा उरली, तरच दामाजीपंतांचें नांव घेणें आपणांस शोभेल.