वर बघता येत नाही!

गेल्या शनिवारी भाचा घरी आला होता. वय वर्षे चौदा. मी लॅपटॉपवर 'डूम' खेळत बसलो होतो. हो, तोच, १९९३चा! साहेब थोडा वेळ मागे उभे राहिले, मग म्हणाले, "दे ना मामा." दिला. दोन मिनिटांत पहिली तक्रार.

"मामा, वर कसं बघायचं?"

"वर बघता येत नाही."

"आणि उडी?"

"ती पण नाही."

आता वर का बघता येत नाही, हे सांगायचं तर थोडा इतिहास आला.

१० डिसेंबर १९९३ ला टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअरने हा गेम विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर टाकला. तीनपैकी पहिला भाग फुकट, आवडला तर पुढचे दोन विकत घ्या. म्हणजे तो भाग कॉपी करून मित्रांना वाटणं ही चोरी नव्हती, ती त्यांची विक्रीची पद्धतच होती!

तेव्हाचं मशीन म्हणजे ३८६ किंवा ४८६. थ्रीडी कार्ड नावाचा प्रकार घरोघरी पोचायचा होता. जॉन कार्मॅकने मग काय केलं? नकाशा मुळात सपाटच ठेवला, फक्त प्रत्येक खोलीला जमिनीची आणि छताची उंची दिली. म्हणून डूममध्ये एका खोलीवर दुसरी खोली नसते. भिंत उभ्या पट्ट्यांनी रंगवायची. सरळ समोर बघितलं की एका पट्टीतले सगळे ठिपके सारख्याच खोलीवर, त्यामुळे हिशेब पट्टीमागे एकदाच! मान वर केली की हे गणितच कोसळतं. कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे, हे पटकन कळायला बीएसपी ट्री वापरला. ती कल्पना १९८० च्या एका शोधनिबंधातली. नकाशाचं झाड आधीच बनवून ठेवायचं, खेळताना फक्त त्यावरून फिरायचं. आम्ही आज ज्याला कॅशिंग म्हणून मिरवतो, त्याचाच हा थोरला भाऊ.

गंमत म्हणजे या अडचणीतूनच खेळाची मजा आली. नेम वर-खाली आपोआप लागतो, त्यामुळे सगळं लक्ष पायांकडे. आगीचा गोळा येताना दिसतो, बाजूला सरका. एका राक्षसाचा गोळा दुसऱ्याला लागला की ते आपसातच भांडतात. हे भाच्याला अर्ध्या तासात कळलं. नंतर तो गोळ्या वाचवून नुसता भांडणं लावत फिरत होता. :)

पण तीस वर्षांनी हा गेम माझ्या लॅपटॉपवर चालतोच कसा? डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने त्याचा सोर्स कोड खुला केला, १९९९ मध्ये तो जीपीएलखाली आला. दिला तो लिनक्सचा कोड, कारण डॉसमधली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती. लोकांनी तो घेऊन जिथे जमेल तिथे चालवला. मूळ चमूतल्या जॉन रोमेरोने २०१९ मध्ये त्याच जुन्या गेमसाठी 'सिजिल' नावाचा नवा भाग काढला!

उलट उदाहरण बघा. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा गेम. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि पैसे मोजून घेतलेला गेम चालायचा थांबला. एकट्याने खेळायचा भागसुद्धा.

हे ऐकून भाचा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, माझा गेम मी तुझ्याएवढा होईन तेव्हा चालेल?" त्याचा आवडता गेम पूर्ण ऑनलाइन. खोटं बोलवेना. म्हटलं, "बहुतेक नाही रे."

खरं तर मला माझंच आठवत होतं. ज्या प्रोजेक्टवर ऐन उमेदीची दोन वर्षं घासली, तो आज जगात कुठेही चालत नाही. कोडही माझ्याकडे नाही. सगळंच टिकावं असं नाही म्हणत मी. पण लोकांनी पैसे देऊन, जीव लावून खेळलेली वस्तू बंद करताना तिची किल्ली तरी मागे ठेवावी की नाही?

असो. भाचा जाताना पेनड्राइव्हवर तो फुकटवाला पहिला भाग घेऊन गेला. कायदेशीर आहे बरं का!