सोड्याचा हिशेब

बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटसमोर उभे राहिलेल्या आपल्यापैकी अनेकांना गुलाबी रंग घालवणारा तो शेवटचा थेंब आठवत असेल. मी पुढे इंजिनिअरिंगकडे आणि नंतर सॉफ्टवेअरकडे वळलो. पण त्या थेंबाच्या इतिहासात आपल्या या जर्मनीचा वाटा किती मोठा आहे, हे इथे आल्यावरच समजले.

अनुमापनाची पद्धत मुळात फ्रान्समधली. तिला शिस्त लावली ती कोब्लेन्झच्या कार्ल फ्रीडरिश मोर (१८०६–१८७९) यांनी. वडिलांचे औषधालय सांभाळता सांभाळता त्यांनी ब्युरेटच्या तळाला रबरी नळी व चिमटा बसवला आणि १८५५ साली अनुमापनावरचा आपला ग्रंथ काढला. सोडा तपासताना ते जास्तीचे आम्ल घालून द्रावण उकळत. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड निघून जाई. मग उरलेले आम्ल अल्कलीने मोजत.

यातून एकूण अल्कली कळे, पण त्यात कोणता अल्कली किती ते कळत नसे. व्यवहारात नेमके तेच हवे होते. चरबीचा साबण करायला कॉस्टिक सोडा लागतो, धुण्याच्या सोड्याने ते काम नीट होत नाही. शिवाय कॉस्टिक उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा थोडाथोडा धुण्याचा सोडा होतो. गिऱ्हाइकाने दाम कशाचे मोजायचे?

उत्तर रंगांनी दिले. आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ साली फिनॉल्फथॅलीन बनवले आणि काही वर्षांतच ते दर्शक म्हणून वापरात आले. ब्रेस्लाऊला जन्मलेल्या गेओर्ग लुंगे यांनी १८७८ साली मिथिल ऑरेंज सुचवले. हे दोन्ही एकाच द्रावणात पाठोपाठ वापरायचे. फिनॉल्फथॅलीनचा गुलाबी रंग जातो तेव्हा सगळा कॉस्टिक संपलेला असतो, कार्बोनेटचे मात्र बायकार्बोनेट झालेले असते, म्हणजे काम निम्मेच झालेले असते. उरलेले निम्मे मिथिल ऑरेंज दाखवते. समजा, आधी १८ मिलिलिटर आम्ल लागले आणि नंतर आणखी ६. मग कार्बोनेटच्या वाट्याला ६ ची दुप्पट, म्हणजे १२, आणि कॉस्टिकच्या वाट्याला १८ वजा ६, म्हणजे १२. दोन अज्ञाते, दोन समीकरणे!

फ्रायबेर्गच्या क्लेमेन्स विंकलर यांची वाट निराळी. बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेटचा साका पाडायचा आणि द्रावणात उरलेला कॉस्टिक तेवढा मोजायचा. हिशेब जुळल्याशिवाय न थांबणारा हा माणूस. पुढे आर्गिरोडाइट या खनिजाच्या विश्लेषणात सुमारे सात टक्के वजनाचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी तो चुकीच्या खाती टाकला नाही. १८८६ साली त्यातूनच जर्मेनियम हे मूलद्रव्य हाती आले.

१९४७ सालचा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचाच होता. तेव्हा माझ्यासारख्या संगणकवाल्याचे पोट ज्या विद्येवर चालते, तिच्या मुळाशी सोडा मोजणाऱ्या या मंडळींची चिकाटीही आहे. मुलांनी शाळेतल्या गुलाबी रंगाबद्दल विचारले, तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगावी.