हाकेपुरती होडी : ‘सर्व्हरलेस’ची पूर्वपीठिका

महाड तालुक्यातले तुडील हे सावित्रीच्या खाडीपट्ट्यातले गाव. पूल होण्याआधी कोकणातल्या अशा पट्ट्यांत पलीकडे जायचे म्हणजे काठावर उभे राहून तरीवाल्याला हाक द्यायची. तो घरात असे. हाक ऐकून येई, माणसे उतरवी, पैसे घेई आणि परत जाई. रिकामी होडी दिवसभर वल्हवत ठेवायचे पैसे त्याला कुणी देत नसे. मोठ्या तरींचा मक्ता सरकार लिलावाने देई, हेही लक्षात असू द्यावे. तो मुद्दा पुढे येणार आहे.

संगणकाच्या जगात आज ‘सर्व्हरलेस फंक्शन’ या नावाने जे चालते, ते याच जातीचे आहे. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला छोटासा कार्यक्रम नुसता ठेवून दिलेला असतो. ब्राउझरकडून विनंती आली, एखादी फाइल जमा झाली, ठरलेली वेळ झाली, म्हणजे ‘घटना’ घडली, की तो जागा होतो, काम करतो आणि थांबतो. आकार चाललेल्या वेळेपुरता. नाव मात्र फसवे आहे. सर्व्हर असतोच, तो मक्तेदाराच्या घरी असतो, एवढेच.

ही कल्पना २०१४ साली अमेझॉनने जन्माला घातली, असे सर्रास लिहिले जाते. मला ते पटत नाही. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए संस्थेच्या मंडळींनी ‘सीजीआय’ ही पद्धत रूढ केली. तीत प्रत्येक विनंतीसाठी नवा कार्यक्रम सुरू होई आणि उत्तर देऊन संपे. हाक आणि होडी हे नाते तिथेच जुळलेले होते. गर्दी वाढल्यावर ती पद्धत धापा टाकू लागली आणि अखंड जागे राहणारे सर्व्हर आले. १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला, तो ब्राउझरसाठी. पण नेटस्केपने ती भाषा लवकरच सर्व्हरवरही नेली होती, हे बहुतेक इतिहासांत राहून जाते.

त्याहून अधिक विसरलेले नाव ‘झिमकी’चे. कॅननच्या मालकीच्या फोटँगो या लंडनच्या कंपनीने २००६ मध्ये ही सेवा उघडली. जावास्क्रिप्ट लिहा, आमच्या यंत्रांवर चालवा आणि वापराल तेवढेच पैसे द्या, हा तिचा करार. २००७ च्या डिसेंबरात ती बंद झाली. कल्पना खोटी नव्हती. मालकाला त्या धंद्यात रस नव्हता. पुढे २००८ मध्ये गूगलचे वेगवान ‘व्ही-एट’ इंजिन आले, २००९ मध्ये रायन डाल यांनी त्यावर ‘नोड’ रचले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेझॉनने ‘लॅम्डा’ जाहीर केली. सुरुवातीला तिला नोडची जावास्क्रिप्ट ही एकच भाषा कळे, आकारणी शंभर मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी होई. वेबवरच्या साध्या विनंत्यांना तिच्यापर्यंत नेणारे प्रवेशद्वार जुलै २०१५ मध्ये उघडले. अमेझॉनचे नवेपण हिशेबाच्या वहीत होते, तत्त्वात नव्हते.

या पद्धतीची एक खोड तरीवाल्याचीच आहे. बराच वेळ हाक आली नसेल, तर पहिल्या गिऱ्हाइकाला ताटकळावे लागते. जाणकार याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. तो विलंब सहसा सेकंदाच्या आसपासचा असतो आणि त्यावर ढीगभर लिहिले गेले आहे. हाक पोहोचलीच नाही तर काय, यावर त्या मानाने फारच थोडे.

महाडकरांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. जून २०१६ मध्ये अमेझॉनने मुंबईत आपले केंद्र सुरू केले. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २ ऑगस्टच्या रात्री, सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. ‘घटना’ कळवली ती पुलाजवळच्या गॅरेजमधल्या कामगाराने. त्याने इतरांना उठवले, रहदारी अडवली.

पावसाचे मोजमाप, नदीची पातळी, इशारा पाठवणे ही कामे वर्षातले आठ महिने निजलेली असतात आणि उरलेल्या काही रात्री जीव मुठीत धरून चालतात. हाकेपुरत्या कार्यक्रमाला याहून योग्य काम मला तरी सुचत नाही. निजलेल्या महिन्यांचा खर्च जवळपास शून्य. पण पातळी मोजणाऱ्या यंत्राला वीज हवी, आणि तिथून निघालेल्या निरोपाला मनोरा हवा. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले, तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही कोलमडले होते. त्याच संध्याकाळी तळियेवर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. मदतपथके पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.