बंद पडलेल्या संगणकातील फायलींची सोडवणूक

संगणक सुरू न होणे आणि त्यातील फायली नष्ट होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. वीजपुरवठ्याचा भाग जळला, मदरबोर्ड बिघडला किंवा विंडोजची एखादी आवश्यक फाइल खराब झाली, तरी पत्रे, छायाचित्रे आणि हिशेब हार्ड डिस्कवर जसेच्या तसे असू शकतात. डेटा रिकव्हरीचे सारे तंत्र या फरकावर उभे आहे.

आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसीवर प्रत्येकाचे काम ज्याच्या त्याच्या फ्लॉपीवर असे. यंत्र बंद पडले, तर फ्लॉपी दुसऱ्या यंत्रात घालून काम पुढे चाले. 1983 मध्ये आलेल्या पीसी एक्सटीमध्ये 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवलेली होती आणि सगळ्या फायली यंत्राच्या पोटात गेल्या. तरीही सुरू होताना हे यंत्र आधी फ्लॉपी तपासत असे. त्यामुळे हार्ड डिस्कवरील डॉस ही कार्यप्रणाली बिघडली, तर डॉसच्या फ्लॉपीवरून यंत्र चालू करायचे आणि फायलींची नक्कल करून घ्यायची, ही सुटकेची पहिली रीत रूढ झाली.

डॉसच्या ‘फॅट’ पद्धतीत फायलींची नावे एका सूचीत असत आणि कोणत्या फाइलचे तुकडे कोठे आहेत, ते एका तक्त्यात लिहिलेले असे. फाइल पुसली की नावाचे पहिले अक्षर बदलले जाई आणि तक्त्यातील नोंदी शून्य होत. मजकुराला हात लागत नसे. सातबारा हरवला म्हणून जमीन नाहीशी होत नाही, तसेच हे होते. पीटर नॉर्टन यांनी 1982 मध्ये बाजारात आणलेल्या ‘नॉर्टन युटिलिटीज’मधील ‘अनइरेज’ने हेच हेरले. फाइल सलग जागेत लिहिलेली असली आणि त्या जागेवर नवे काही उमटलेले नसले, तर ती परत मिळे. 1991 च्या एमएस-डॉस 5 मध्ये अशी सोय मुळातच देण्यात आली.

या ज्ञानाची मोठी कसोटी 26 एप्रिल 1999 रोजी लागली. तैवानमध्ये लिहिलेल्या सीआयएच विषाणूने त्या दिवशी भारतासह अनेक देशांतील संगणक बंद पाडले. काही यंत्रांतील, यंत्र सुरू करणाऱ्या बायोसची चिप त्याने निकामी केली आणि हार्ड डिस्कच्या पहिल्या एक मेगाबाइटवर शून्ये लिहिली. फॅटचा तक्ता दोन प्रतींत ठेवलेला असतो. फॅट16 मधील लहान तक्त्याच्या दोन्ही प्रती या माऱ्यात सापडत. मोठ्या फॅट32 डिस्कवर पहिली प्रतच एक मेगाबाइटहून लांब असे. त्यामुळे दुसरी बचावे आणि तिच्या आधारे डिस्कची मांडणी पुन्हा उभी करता येई.

2001 च्या विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी एनटीएफएस पद्धत पोहोचली. डॉसच्या फ्लॉपीला ती वाचता येईना. ही उणीव लिनक्सने भरून काढली. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेले ‘क्नॉपिक्स’ सीडीवरून थेट चाले, हार्ड डिस्कवर काही न बसवता तिच्यातील फायली दाखवी. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे ‘टेस्टडिस्क’ हरवलेले पार्टिशन शोधू लागले, तर त्यांचेच ‘फोटोरेक’ तक्ता पूर्ण गेलेला असतानाही प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या आरंभीची ठरावीक खूण ओळखून ती बाहेर काढू लागले.

डिस्कच यांत्रिकदृष्ट्या बिघडली, तर काम कठीण होते. हेड तबकडीपासून अतिशय सूक्ष्म अंतरावर तरंगते. धुळीचा कणही तबकडी खरवडू शकतो. म्हणून अशी डिस्क धूळमुक्त कक्षातच उघडतात. शिवाय खराब होत चाललेली डिस्क प्रत्येक वाचनाबरोबर आणखी खचू शकते. त्यामुळे आधी तिची पूर्ण प्रत काढून पुढचे काम त्या प्रतीवर करण्याचा दंडक पडला. ‘डीडीरेस्क्यू’ ही आज्ञावली चांगले भाग आधी उचलते आणि बिघडलेल्या भागांकडे नंतर वळते. या कौशल्याची परिसीमा कोलंबिया यानाच्या डिस्कवर दिसली. 1 फेब्रुवारी 2003 च्या दुर्घटनेत ती होरपळून जमिनीवर पडली होती. ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी तिच्या तबकड्या स्वच्छ करून नव्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे 99 टक्के माहिती वाचली. त्यातील झेनॉन वायूवरील प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीने हा हिशेब बदलला. 2009 च्या विंडोज 7 पासून वापरात आलेल्या ‘ट्रिम’ आज्ञेमुळे पुसलेल्या फाइलची जागा खरोखरच रिकामी केली जाते. डिस्कवरील मजकूर कूटबद्ध करण्याची पद्धतही रुळली. विंडोजमधील बिटलॉकरने कूटबद्ध केलेली डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली, तर 48 अंकी रिकव्हरी की मागितली जाते. काही यंत्रांत किल्ली मदरबोर्डवरील चिपशी बांधलेली असते आणि साठवणही त्याच पाटीवर पक्की बसवलेली असते. अशा वेळी मजकूर शाबूत असूनही वाचता येत नाही. जुन्या डिस्कवरून फायली यंत्र बंद पडल्यावरही सोडवता येत. या यंत्रांत त्यांची सुटका आधीच काढून ठेवलेल्या बॅकअपवर आणि जपून ठेवलेल्या किल्लीवर अवलंबून असते.