नाव, गाव आणि राव

उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं असतं. नवरी पाय उचलायच्या बेतात असते आणि तेवढ्यात नणंद दारात हात आडवा करून उभी राहते. नाव घेतल्याशिवाय आत यायचं नाही. वाजंत्री थांबलेली, नवरदेवाचं उपरणं शालूच्या पदराला गाठ मारून अडकवलेलं, आणि ओसरीवरच्या म्हाताऱ्या बायकांचे कान टवकारलेले. इंदापूर तालुक्यातलं कळंब असो की पलीकडची बारामती, लग्नाचा शेवट या अडवाअडवीशिवाय होत नाही. नवरी मान खाली घालून एक जुळलेली ओळ म्हणते, हशा पिकतो, माप लवंडतं आणि नणंद बाजूला होते.

उखाणा म्हणजे नावाचं यमक, असं सगळे धरून चालतात. कान देऊन ऐकलं तर वेगळंच कळतं. उखाण्यात यमक नवऱ्याच्या नावाशी जुळतच नाही. नवरा दत्तात्रय असो की विश्वंभर, नवरीला त्या अक्षरांशी झटापट करावी लागत नाही. नावाला ‘राव’ जोडायचं, ते ओळीच्या मध्यावर हळूच सोडून द्यायचं, आणि ओळ संपवायची ती ‘नाव’, ‘गाव’, ‘घर’, ‘मान’ अशा एखाद्या सोप्या शब्दावर. टाळी पडते ती शेवटच्या शब्दाला. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो मध्येच कुठेतरी उरकून गेलेला असतो. जुन्या मराठीत उखाणा म्हणजे कोडंही. नाव सांगायचं आणि लपवायचंही, ही कोड्याची रीत इथे अजून टिकून आहे.

ही सोय भाषेनंच करून ठेवली आहे. संस्कृतातल्या ‘नाम’चं मराठीत ‘नाव’ झालं, ‘ग्राम’चं ‘गाव’ झालं. ‘राजन्’चं यांच्याशी काही नातं नव्हतं, पण तोही ‘राय’ होत होत ‘राव’पर्यंत घरंगळत आला आणि या दोघांच्या पंगतीत बसला. मूळचे तीन शब्द तीन तोंडांचे. मराठीत आले आणि सख्खी भावंडं झाली. ‘भाव’, ‘डाव’, ‘ठाव’ ही चुलत भावंडं वेगळीच. बायकांना यापेक्षा जास्त सामग्री लागली नाही.

मुळात नाव घ्यायचा प्रसंग मुद्दाम घडवून आणावा लागे, कारण एरवी ते घ्यायचंच नसे. ‘अहो’, ‘इकडून’, ‘आमचे हे’, खेड्यात ‘धनी’, ‘मालक’, ‘कारभारी’, नाहीतर सरळ ‘पोरांचा बाप’. पुरुषही मागे नव्हते, त्यांची हाक ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ यावर थांबे. लिहित्या बायकांनाही हे कोडं सोडवावं लागलं. रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिल्या, त्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे वावरतात ते ‘स्वतः’ या सर्वनामाखाली. इतक्या मोठ्या माणसावरचं पुस्तक आणि बायकोच्या लेखणीत त्याचं नाव नाही! लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये दुसरी वाट काढली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना त्या पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात, शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं. आडनावानं त्या सुटल्या, आणि गद्याला एक मिस्कील अंतरही मिळालं.

नाव न घेता निभावून नेण्याचा सगळ्यात मोठा पराक्रम मात्र बारामतीत झाला, आणि तो एका पुरुषानं केला. मोरोपंत, म्हणजे मोरेश्वर रामजी पराडकर. जन्म पन्हाळ्याचा, १७२९चा. बाबूजी नाईकांच्या आश्रयानं ते बारामतीत स्थिरावले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. आर्या आणि यमक या दोन गोष्टींत त्यांचा हात धरणारा मराठीत दुसरा झाला नाही. रामकथा त्यांनी इतक्या तऱ्हांनी सांगितली की त्यांच्या नावावर १०८ रामायणं बोलली जातात. त्यातलं एक ‘निरोष्ठ रामायण’. अट अशी की ओठाला ओठ लागेल असं अक्षर त्यात वापरायचं नाही. प, फ, ब, भ आणि म बाद.

म बाद म्हणजे राम बाद. ‘नाम’ही गेलं. कथा रामाची, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचं नाव काढायची चोरी. कवीनं मग करायचं काय? तो कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, कोणत्या कुळातला, असं आडून आडून सांगत राहायचं. पंडितांनी याला चमत्कृती म्हटलं. बारामतीच्या वाड्यांतल्या माजघरांत तेव्हा प्रत्येक बाई रोज तेच करत होती, तिला कुणी कवी म्हटलं नाही.

पंतांना आपल्या स्वतःच्या नावाचं मात्र फार कौतुक होतं. मोरेश्वर हे नाव मोरगावच्या गणपतीचं, आणि मोरगाव बारामती तालुक्यातच. त्यांनी मोरोचा मयूर केला, आणि उतारवयात केलेल्या ईश्वराच्या आळवणीला नाव दिलं ‘केकावली’. केका म्हणजे मोराचा टाहो. नावाच्या अर्थावर इतकं मोठं काव्य उभं करणारा माणूस विरळाच. पण गावानं त्यांना मयूर म्हटलं नाही. गावाच्या तोंडी ते मोरोपंतच राहिले, जसा दुसरा कुणी गोपाळपंत, तिसरा केशवपंत.

अर्थ घरचे ठेवतात, शेपूट गाव लावतं, आणि टिकतं ते शेपूट.

कळंबची गोष्ट थोडी निराळी. कळंब हे झाडाचं नाव. संस्कृतातला ‘कदंब’ मराठीत ‘कळंब’ झाला, जसं ‘दोहद’चे ‘डोहाळे’ झाले. महाराष्ट्रात कळंब नावाची गावं बरीच आहेत, धाराशिवकडे एक, यवतमाळकडे एक, पुणे जिल्ह्यातच आंबेगाव तालुक्यात आणखी एक. म्हणून इथल्या माणसाला कुठला विचारलं तर ‘कळंब’ सांगून भागत नाही, पुढे ‘वालचंदनगरजवळचं’ असं जोडावं लागतं.

हे वालचंदनगर म्हणजे एका माणसाचं पाळण्यातलं नाव. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२, सोलापूरच्या गुजराती जैन घराण्यातले. १९३०च्या दशकात त्यांनी कळंबच्या शिवारात ऊस लावला आणि साखरेचा कारखाना उभा केला, भोवती वसाहत झाली, वसाहतीला मालकाचं नाव पडलं. पुढे तिथे यंत्रं बनू लागली, अवकाशयानांच्या अग्निबाणांचे भागही. या घराण्यात यमकाचा तुटवडा नव्हता. आजोबा नेमचंद, वडील हिराचंद, भाऊ गुलाबचंद, रतनचंद, लालचंद. एका हाकेत सगळं घर यावं अशी ही नावं.

गंमत म्हणजे त्याच माणसाचा दुसरा साखर कारखाना नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला निघाला आणि तिथे उलटं घडलं. गावाचं नाव मालावर चढलं. रावळगाव म्हटलं की दोन पिढ्यांच्या तोंडाला गोळी-चॉकलेटाची चव येते, गाव नकाशात कुठे आहे हे ठाऊक नसलं तरी. इकडे मालकाचं नाव गावावर चढलं आणि कळंबला आपल्याच शिवारात शेजारी मिळाला.

कळंबच्या उसाला पाणी लागतं ते नीरा नदीचं. तिच्या डाव्या कालव्याला पाणी येतं ते वर भाटघरच्या धरणातून, आणि तिथे इंग्रजी नावांची एक रांगच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या जलाशयाला साहेबांनी व्हाइटिंग या इंजिनिअरचं नाव दिलं. १९२८ला नवं, उंच धरण पुरं झालं, ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉइड यांच्या नावे. कागदावर ‘लेक व्हाइटिंग’ आणि ‘लॉइड डॅम’. पण व्हाइटिंगला मराठीत यमक कुठलं? राव लावता येत नाही, जी लावता येत नाही, बा लावलं तर हसू येतं. कालव्यावरचा शेतकरी भाटघरच म्हणत राहिला. आता जलाशयाचं नाव येसाजी कंक आहे, त्याच डोंगराळ मुलखातल्या, शिवाजी महाराजांच्या सोबत्याचं. येसाजी जिभेवर बसतो, कारण तानाजी, संभाजी, बाजी यांची बैठक तिथे आधीच मांडलेली आहे.

परकं नाव ‘जी’ लावून घरचं करण्याची रीत या भागाला नवी नव्हती. इंदापूरची गढी मालोजीराजे भोसल्यांची म्हणून दाखवतात. बखरींतली गोष्ट अशी की मालोजींना मूल होत नव्हतं, अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला, आणि मुलगे झाल्यावर पिराचं नाव दोघांत वाटून दिलं. शाहचा शहाजी, शरीफचा शरीफजी. शब्द फारसी-अरबी, शेपूट मराठी. शहाजी हे नाव परकं आहे असं नंतर कुणाला वाटलंच नाही.

याच सोयीचा सगळ्यात सुंदर वापर कोकणातल्या बेने इस्राएलांनी केला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून आपले पूर्वज आले, असं ते सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचं, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. नावं बायबलातली, पण कोकणात राहायचं तर गावाला ती हाक मारता आली पाहिजे. अब्राहमचा अबाजी झाला, आयझॅकचा इसाजी, सॅम्युएलचा समाजी. रस्त्यात इसाजी आणि येसाजी शेजारी उभे राहिले तर कोण कुणाचा हे सांगणं कठीण.

सॅम्युएल हे इंग्रजांचं आवडतं नाव, पण ते मूळचं हिब्रू. त्याचा एक अर्थ ‘देवानं ऐकलं’ असा लावतात, दुसरा ‘देवाचं नाव’. म्हणजे नावातच नाव. मराठी बायबलात तो शमुवेल झाला, भारदस्त आणि जरा अवघड. समाजीत हिब्रू अर्थाचा मागमूस उरत नाही, पण आवाज तानाजीशी जुळतो. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, कंपनी सरकारच्या फौजेत होते. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. लोक पुढे त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. तिथेही अर्थापेक्षा सवय मोठी ठरली.

लाडाची आणि रागाची हाक तर आणखी धसमुसळी. गणपतीचा गण्या, पांडुरंगाचा पांड्या, रामाचा राम्या, बाळूचा बाळ्या. ‘या’ लागला की साऱ्या गल्लीचं यमक आपोआप जुळतं. जॉन नावाचा मुलगा अशा गल्लीत चार दिवस खेळला तर पाचव्या दिवशी तो जॉन्या असतो.

बायकांच्या नावांना असं शेपूट कमी मिळालं, पण नावच बदललं गेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिही आणि जुनं माहेरी राहून जाई. १८७३ मध्ये यमुना कुर्लेकर रमाबाई रानडे झाल्या. कल्याणात १८६५ साली जन्मलेली दुसरी एक यमुना आनंदीबाई जोशी झाली आणि १८८६ला अमेरिकेत डॉक्टर. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. तांदळात लिहिलेली अक्षरं हातानं पुसली जात, पण नाव जन्मभर पुरे.

अर्थाला खरा मान कुठे असेल तर तो धाकाच्या नावांत. मुलं जगत नसत तेव्हा पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, भिकू, केरबा ठेवत. दृष्ट लागणार नाही, यमानं ढुंकून पाहू नये, म्हणून नाव मुद्दाम टाकाऊ. ही नावं निदान जीव वाचवण्यासाठी होती. ‘नकोशी’चं तसं नव्हतं. मुलीमागून मुलगी झाली की शेवटचीला हे नाव मिळे, आणि त्याचा अर्थ गावातल्या प्रत्येकाला रोज नीट कळे. २२ ऑक्टोबर २०११ रोजी शेजारच्या साताऱ्यात अशा २८५ मुलींना एका समारंभात नवी नावं देण्यात आली. कुणी ऐश्वर्या निवडलं, कुणी देवीचं नाव. बारशाला जी नावं विचारली गेली नव्हती, ती या मुलींनी समजत्या वयात स्वतः सांगितली.

आज बारशाचा थाट वाढला आहे. पाळण्याखालून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ होतं, आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते आणि पाठीत धपाटे खाते. नाव मात्र आधीच मोबाईलवर ठरलेलं असतं. भटजी पंचांगातून अक्षर काढून देतात, २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, असे १०८ आवाज. अश्विनीला चू, चे, चो, ला. ‘चू’पासून संस्कृत अर्थाचं, दोन अक्षरी, परदेशात उच्चारता येईल असं नाव शोधताना आईबाप जेरीस येतात. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम झाला आहे. बायको ज्याचं नाव घेत नव्हती, तो आता तिच्या मागे रांगेत उभा आहे.

उंबरठ्यावरची अडवणूक तरीही संपलेली नाही. नवरी शिकलेली असते, नवऱ्याला चारचौघांत नावानं, अरेतुरे हाक मारते. पण माप समोर आलं की तोच आरव, तोच अथर्व, ‘आरवराव’, ‘अथर्वराव’ होतो आणि तिलाही ते वावगं वाटत नाही. कळंबच्या सुनेपुढे एक जास्तीची अडचण असते. ओळीच्या शेवटी सासरचं गाव आणायचं तर कळंबला यमक काय? ‘विलंब’ आहे, पण दारात उभं राहून तो कसा म्हणायचा? ‘अवलंब’ पुस्तकी. ‘डाळिंब’ या मुलखातलं खरं, पण जरा ओढूनताणून. मग कुणीतरी मागून सुचवतं, नगर म्हण आणि साखर म्हण. नगर आणि साखर. मोरोपंतांनी हे यमक कानाआड केलं असतं. ओसरीवरच्या बायका मान डोलावतात, आणि नणंद हात खाली घेते.