श्रेयांकातलं श्रेय

“मामा, मेजर इतिहासच घेते. पण मायनरला काय घेऊ?” रामटेकची माझी भाची बीएच्या प्रवेशासाठी जूनमध्ये नागपूरला आली होती. समोर तर्री-पोहे गार होत होते. वहीच्या मागच्या पानावर तिने ‘मराठी’ लिहून खोडलं, ‘भूगोल’ लिहिलं, तेही खोडलं. खाली ‘ओई’ लिहून पुढची जागा कोरी सोडली होती, कारण ओई म्हणजे खुला विषय, आणि तो कला शाखेबाहेरचाच हवा.

राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला मुख्य विषय मेजर, दुय्यम विषय मायनर आणि खुला विषय ओई, अशी ही नवी मांडणी आली. मुलांच्या तोंडी मेजर, मायनर, ओई, क्रेडिट हे शब्द सहज रुळलेत. परिपत्रकात मात्र क्रेडिटला ‘श्रेयांक’ म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो.

क्रेडिट लॅटिनमधून आलं. तिथल्या मूळ धातूचा अर्थ विश्वास ठेवणं. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळचा शब्द ‘पत’. शैक्षणिक क्रेडिट बँकेत श्रेयांक ‘जमा’ होतात, तेव्हा बोलणं पेढीचंच असतं. तरीही मराठीने ‘श्रेय’ उचललं. संस्कृतात ‘श्रेयस्’ हे तुलनेचं रूप आहे. नुसतं चांगलं नव्हे, ‘अधिक चांगलं’. म्हणजे दोन गोष्टी समोर असल्याशिवाय या शब्दाला अर्थच येत नाही. कठोपनिषदात यम नचिकेताला हेच सांगतो: श्रेय आणि प्रेय दोन्ही माणसापुढे येतात, आणि शहाणा त्यांतून पारखून घेतो. पुढे मराठीत शब्द आकसला. श्रेय कुणाला द्यायचं, कुणी लाटलं, एवढ्यापुरता उरला. आता त्याला अंक चिकटला: व्याख्यानाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पण निवड त्याच्या पोटात अजून जिवंत आहे, आणि मुलांना कुणीतरी ती दाखवायला हवी.

‘विषय’ हाही जुना प्रवासी. प्राचीन ताम्रपटांत विषय म्हणजे मुलखाचा एक भाग, जिल्ह्यासारखा, आणि त्यावरचा अधिकारी विषयपती. वाकाटक राजांचे असे लेख उलगडणारे वा. वि. मिराशी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकवत होते, आणि त्या वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, भाचीच्या घरापासून हाकेवर. शिकायचा विषय हाही मुलूखच. आजवर मुलं एका शाखेच्या सीमेत राहत. आता शेजारच्या मुलखात पाऊल टाकावंच लागतं. मला हे मनापासून पटतं. इतिहासाच्या मुलीला हिशेब आले, मातीचं रसायन कळलं, तर तिचा इतिहासच दाट होईल.

‘विकल्प’ मात्र अस्वस्थ करतो. आज आपण तो ‘पर्याय’ म्हणून वापरतो, पण जुन्या मराठीत ‘मनात विकल्प आला’ म्हणजे शंका शिरली. संकल्पासमोरचा विकल्प. वहीवरच्या खाडाखोडीत मला दोन्ही अर्थ एकदम दिसले. यादी मोठी असते, पण शिकवायला माणूस कुठल्या विषयाला आहे, तास किती वाजता, रामटेकची बस मिळेल का, यावर निम्मे पर्याय आपोआप गळतात. उरलेल्यांतून मैत्रिणी घेतील ते. अशा वेळी श्रेयाची पारख करायला मुलीला सवड कुठे मिळते?

मी विचारलं, “तुला काय वाचायला आवडतं?” ती लगेच म्हणाली, “मराठी. पण पुरेशी मुलं झाली नाहीत तर वर्गच चालणार नाही म्हणतात.” मग तिने पोह्यांची बशी पुढे ओढली आणि दुसऱ्या हाताने बारावीच्या मैत्रिणींना एकेक करून फोन लावायला घेतला. “हॅलो, ऐक ना, मायनरला मराठी घेते का गं?”